किनोसाकीच्या रियोकानमध्ये शाकाहारी ज्येष्ठांसह मुक्काम: एक रात्र, दोन रात्री, की नकोच?

प्रश्न – प्रवासाची_तयारी

नमस्कार. नोव्हेंबरच्या मध्यावर मी, माझे यजमान आणि सासू-सासरे असे चौघे क्योतो व ओसाका पाहण्यासाठी जपानला जात आहोत. त्यातच एखादी रात्र गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, रियोकानमध्ये म्हणजे पारंपरिक जपानी निवासगृहात काढावी असा विचार आहे आणि बरेच वाचल्यावर ह्योगो प्रांतातल्या किनोसाकी ओनसेनवर आम्ही स्थिरावलो आहोत. गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत, मुक्कामी पाहुणे युकाता हा सुती झगा घालून संध्याकाळी एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात, ओढ्याच्या दोन्ही काठांना विलोची झाडे आहेत, हे सगळे वाचून सासऱ्यांना फार उत्साह आला आहे.

अडचणी अशा. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. अंडे चालत नाही आणि मासळीचा रस्सा घातलेला पदार्थ तर विचारायलाच नको. अनोळखी बायकांसमोर विवस्त्र स्नान करण्याची कल्पना त्यांना मान्य होणे कठीण दिसते. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसले की उठताना आधार लागतो आणि रक्तदाबाची गोळी रोज सुरू आहे. शिवाय भाडे पाहून आम्ही थोडे दचकलो आहोत, कारण ते खोलीमागे नसून माणशी आहे असे दिसते. अशा परिस्थितीत हा मुक्काम करावा का, केल्यास किती रात्री करावा आणि आरक्षणापूर्वी निवासाला नेमके काय विचारावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर – कोबेवासी

मी नोकरीनिमित्त कोबेमध्ये राहतो. किनोसाकी आमच्याच प्रांतात, पण पार उत्तरेला जपानच्या समुद्राच्या बाजूला आहे, त्यामुळे भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना घेऊन तिथे जाणे होत असते. आपण क्योतोहून येणार असाल तर ‘किनोसाकी’ याच नावाची जलद गाडी अडीच तासांच्या आसपास थेट पोहोचवते. शिन-ओसाकाहून येणाऱ्या गाडीचे नाव ‘कोनोतोरी’, म्हणजे करकोचा. जपानमधला शेवटचा रानटी करकोचा १९७१ साली याच तोयोओका परिसरात मेला आणि २००५ पासून पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी इथेच पुन्हा मोकळे सोडण्यात आले. जखमी करकोचा ज्या झऱ्यात पाय बुडवून बरा झाला अशी दंतकथा आहे, त्या जागी आज ‘कोनोयु’ हे स्नानगृह उभे आहे.

भाड्याचा हिशेब आधी समजून घ्यावा. रियोकानचा नेहमीचा दर ‘एक रात्र, दोन जेवणे’ असा माणशी असतो. किनोसाकीत तो सामान्यतः वीस ते चाळीस हजार येनच्या दरम्यान पडतो आणि चांगल्या जागी त्याहूनही वर जातो. त्यावर साधारण १५० येनचा स्नानकर माणशी वेगळा द्यावा लागतो. बक्षिसी देण्याची मात्र पद्धत नाही. या दरात खोली, रात्रीचे अनेक पदार्थांचे काइसेकी जेवण, सकाळची भरपेट न्याहारी, युकाता आणि सातही सार्वजनिक स्नानगृहांचा मुक्त प्रवेश येतो. हे सगळे घड्याळाला बांधलेले असते: दुपारी तीनच्या सुमारास खोली मिळते, सहा-साडेसहाला जेवण, जेवण चालू असताना किंवा त्यानंतर खोलीत गाद्या अंथरल्या जातात आणि सकाळी दहाला खोली सोडायची असते. ‘जेवायला उशिरा येतो’ हे इथे चालत नाही, कारण प्रत्येक पाहुण्यासाठी बाजारहाट मोजून केलेला असतो. क्योतो पाहून संध्याकाळी सातला पोहोचण्याचा बेत असेल तर तो आताच रद्द करावा. तीन वाजता दारात हजर नसाल तर निम्मे पैसे वाया जातात.

आपण म्हणता तो नोव्हेंबरचा मध्य मला अधिक चिंतेचा वाटतो. या किनाऱ्यावर दरवर्षी ६ नोव्हेंबरला खेकड्याची मासेमारी सुरू होते. नर खेकड्याला इथे मात्सुबा म्हणतात आणि मार्चपर्यंत सारे गाव त्याच्यामागे धावत असते. या मोसमात दर चढतात, शनिवारच्या खोल्या फार आधी भरतात आणि अनेक रियोकानांत रात्रीच्या जेवणात खेकड्याखेरीज दुसरा पर्यायच ठेवलेला नसतो: कच्चा, भाजलेला, उकडलेला आणि शेवटी त्याच्याच रश्श्यातला भात. ज्यांच्यासाठी तो पर्वणी आहे त्यांना मी आनंदाने पाठवतो, पण शाकाहारी सासूबाईंना समोर बसवून बाकीच्यांनी तासभर खेकडे फोडत राहणे कोणालाच सुखाचे होणार नाही. प्रवास पंधरवडाभर अलीकडे आणता आला तर ५ नोव्हेंबरच्या आत किनोसाकी उरकावे. क्योतोतली लाल पाने बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगतात, त्यामुळे पानांसाठी मधला आठवडा धरला असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र साधणार नाहीत. कोणती सोडायची ते घरातच ठरवावे लागेल. तारखा हलत नसतील तर निदान आठवड्याच्या मधला दिवस घ्यावा आणि खेकड्याशिवायचे जेवण आहे का, हे आरक्षणापूर्वी विचारावे.

विवस्त्र स्नानाच्या संकोचावर किनोसाकीत उपाय आहे आणि त्याचे मूळ गावाच्या इतिहासात आहे. १९२५ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत हे गाव जवळजवळ पूर्ण नष्ट झाले. पुन्हा उभारणी होत असताना १९२७ मध्ये एका रियोकानने स्वतःच्या आवारात गरम झऱ्याचे स्नानगृह काढले. गरम पाणी सर्वांचे आहे, ते सार्वजनिक स्नानगृहांतच वापरले जावे, अशी गावाची रीत होती. वाद न्यायालयात गेला आणि १९५० मध्ये तडजोडीने मिटला. तेव्हापासून रियोकानांना आतली स्नानगृहे ठेवता येतात, पण त्यांच्या आकारावर मर्यादा आहे. म्हणूनच इतर ओनसेन, म्हणजे गरम झऱ्यांच्या, गावांतल्या हॉटेलांसारखी भव्य कुंडे इथल्या निवासांत सहसा दिसत नाहीत. त्याऐवजी आतून कडी लावून कुटुंबापुरती वापरता येतील अशी छोटी स्नानगृहे बऱ्याच ठिकाणी आहेत. त्यांना ‘काशिकिरी-बुरो’ म्हणतात. काही ठिकाणी ती मोकळी असतील तेव्हा विनामूल्य वापरता येतात, तर काही ठिकाणी पाऊण तासाची वेळ आगाऊ घ्यावी लागते. सासूबाई तिथे एकट्याने किंवा आपल्या सोबतीने निर्धास्त स्नान करू शकतील, आणि आपल्या यजमानांनी व सासऱ्यांनी खुशाल बाहेर फिरावे.

बाहेरची स्नानगृहे स्त्री-पुरुषांसाठी पूर्ण वेगळी आहेत, हे त्यांना आधी सांगावे. स्नानाचे कपडे घालून कुंडात उतरता येत नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, केस वर बांधायचे आणि मगच कुंडात शिरायचे. सोबतचा छोटा टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत कपड्यांसह डुबकी मारलेल्यांना हा क्रम उलटा वाटतो, पण इथे कुंड शरीर धुण्यासाठी नसून शेकण्यासाठी आहे. प्रत्येक स्नानगृहाला आठवड्यातून एक सुट्टी असते, त्यामुळे एका दिवसात सातही होतीलच असे नाही आणि तसा अट्टहासही करू नये. गोशोनोयुचे उघड्यावरचे कुंड आणि इचिनोयुमधले गुहेतले कुंड, एवढी दोन केली तरी एका संध्याकाळसाठी पुरे.

उत्तर – कांदालसूणविरहित

कोबेवासींनी बरेच सांगितले आहे, मात्र जेवणाचा प्रश्न खेकड्यापेक्षा खोल आहे, त्याबद्दल लिहितो. मी स्वतः अंडे, मासे, मांस काहीही खात नाही आणि जपानमध्ये माझे खरे वैरी ठरले ते ‘दाशि’. कात्सुओ नावाच्या वाळवलेल्या माशाच्या पातळ चकत्यांपासून केलेला हा अर्क मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सुपात, शिजवलेल्या भाज्यांत, नूडल्सच्या चटणीत, एवढेच काय, वरून निष्पाप दिसणाऱ्या तोफूवरच्या रसातही असतो. ‘मी शाकाहारी आहे’ असे सांगितल्यावर रियोकानवाले मांस काढून टाकतात, मासे ठेवतात आणि मनापासून समजतात की आपली सोय केली. त्यात त्यांची लबाडी नसते; मासळीच्या अर्काला ते मासे समजतच नाहीत.

त्यामुळे आरक्षण करताना दाशिचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे, आणि तो मुक्कामाच्या दिवशी नव्हे तर निदान आठवडाभर आधी, लेखी. अनेक रियोकान ‘आमच्याकडे हे जमणार नाही’ असे स्पष्ट कळवतात आणि असे उत्तर आले तर वाईट न मानता पुढचे दार ठोठवावे. ‘बघू’ म्हणणाऱ्यांपेक्षा नकार देणारे परवडले. जिथे होकार मिळेल तिथे कोम्बु या समुद्रशैवालाच्या किंवा शिताके अळंबीच्या दाशित केलेले पदार्थ, वाफाळता तोफू, मिसो लावून भाजलेली वांगी, भाज्यांचा तेम्पुरा, लोणची आणि भात असे पान मिळते आणि ते उत्तम असते.

‘मग जेवणाशिवाय फक्त खोली घेऊ आणि बाहेर जेवू’ हा मार्ग मोहक वाटतो. ही सोय ‘सुदोमारि’ नावाने मिळते आणि स्वस्तही पडते, पण किनोसाकीत तिचा शाकाहारी माणसाला फारसा उपयोग नाही. बहुतेक पाहुणे रियोकानमध्येच जेवत असल्यामुळे रात्री उघडी राहणारी भोजनगृहे थोडी आहेत आणि जी आहेत ती खेकडे, मासे किंवा ताजिमा या भागातले गोमांस यांवर चालतात. फक्त न्याहारीसह खोली घेणे हा मधला मार्ग आहे. न्याहारीला साधा पांढरा भात, नोरी हे वाळवलेले समुद्रशैवाल आणि उमेबोशी हे आंबट-खारट लोणचे हमखास असते. त्यावर घरचे मेतकूट भुरभुरले की सासूबाईंची सकाळ निघते. रात्रीसाठी दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर असावी. खोलीत ती खाण्याआधी रियोकानच्या यजमानीणबाईंना एकदा विचारून घ्यावे, एवढेच.

पण मी आपल्या जागी असतो तर एक रात्र किनोसाकीऐवजी कोयासानला काढली असती. कुकाई या आचार्यांनी ८१६ साली स्थापन केलेल्या पर्वतावरच्या या बौद्ध मठकेंद्रात पन्नासच्या आसपास मंदिरे पाहुण्यांना मुक्कामाला ठेवून घेतात. तिथले जेवण ‘शोजिन र्‍योरि’, म्हणजे भिक्षूंचे परंपरागत शाकाहारी अन्न, ज्यात मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य आहे. तिळाचा गोमा-दोफू आणि गोठवून वाळवलेला कोया-दोफू हे तिथले खास पदार्थ. खोल्या ताटामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, गाद्या जमिनीवर, स्नानगृह सामुदायिक. म्हणजे रियोकानचा बहुतेक अनुभव मिळतो, फक्त गरम झऱ्यांचे गाव मिळत नाही. पहाटेच्या उपासनेला पाहुण्यांना बसता येते आणि काही मंदिरांत होमासारखा अग्निविधीही पाहता येतो, जो पाहून सासूबाईंना परके वाटणार नाही. मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट: कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्याचे अनावरण २०१५ साली महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले.

उत्तर – नाडी_आणि_नकाशा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून सासऱ्यांपुरते लिहिते. कुंडातले पाणी साधारण ४२ अंशांचे असते. अशा पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो आणि गोळी घेणारा ज्येष्ठ माणूस कुंडातून झटक्यात उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. ओल्या दगडावर पडणे हा गुडघेदुखीवाल्यासाठी त्याहून मोठा धोका. निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना ओनसेनविषयी स्पष्ट विचारावे. परवानगी मिळाल्यास आधी पायांपासून वरपर्यंत तांब्या-तांब्याने कोमट पाणी घ्यावे, पहिल्या वेळी पाच-सात मिनिटांत बाहेर यावे, कठडा धरून सावकाश उठावे आणि त्यानंतर पाणी प्यावे. जेवणानंतर लगेच आणि साके ही तांदळाची दारू घेतल्यावर तर मुळीच उतरू नये. थंडीत कपडे बदलण्याची खोली गार आणि कुंड कढत, या तफावतीने जपानमध्येही वृद्धांना दरवर्षी त्रास होतो, म्हणून आपल्या यजमानांनी त्यांच्यासोबतच आत जावे. गावात पाय बुडवून बसण्याची विनामूल्य कुंडेही आहेत. गुडघ्यांना तेवढाच शेक मिळतो आणि सासूबाईंनाही लुगडे-पातळ थोडे वर घेऊन तिथे बसता येईल.

खोली निवडताना मात्र प्रश्न विचारण्यात कसूर करू नये. भूकंपानंतर बांधलेल्या तीनमजली लाकडी इमारती हे किनोसाकीचे वैभव आहे, पण त्यांतल्या अनेकांत उद्वाहक नाही आणि जिने अरुंद व चढे असतात. तळमजल्याची खोली मिळेल का, ताटामीवर पलंग ठेवलेली खोली आहे का, जेवणाला टेबल-खुर्ची मिळेल का, कुंडात उतरायला कठडा आहे का, हे लेखी विचारावे. लाकडी गेता पायांत घालून फिरणे फोटोत छान दिसते; सासऱ्यांनी आपली सपाट तळाची चप्पलच वापरावी, कोणी काही म्हणत नाही.

उत्तर – स्पष्टवक्ता

माझे मत थोडे वेगळे आहे. शाकाहारी, संकोची आणि गुडघ्यांनी अधू अशा दोन ज्येष्ठांसाठी माणशी तीस हजार येन मोजून, जे खाता येत नाही त्या जेवणाचे आणि ज्यात उतरायचे नाही त्या कुंडाचे पैसे भरण्यात शहाणपण दिसत नाही. आपण दोघांनी एक रात्र जावे आणि सासू-सासऱ्यांना क्योतोच्या चांगल्या हॉटेलात ठेवावे.

उत्तर – कोबेवासी

स्पष्टवक्ता यांचा हिशेब चुकीचा नाही, परंतु प्रश्नात सर्वाधिक उत्साह सासऱ्यांना असल्याचे लिहिले आहे आणि त्यांनाच मागे ठेवून जाणे मला पटत नाही. शिवाय किनोसाकीत स्नान हा एकच कार्यक्रम नाही. तिथली समजूत अशी की रेल्वे स्थानक हे घराचे प्रवेशद्वार, रस्ते हे घरातले बोळ, रियोकान या खोल्या आणि सार्वजनिक स्नानगृहे हे घराचे न्हाणीघर. त्यामुळे युकाता घालून नुसते काठाकाठाने हिंडणे हासुद्धा मुक्कामाचाच भाग आहे, आणि तो सासूबाईंना पूर्ण घेता येईल. युकात्याची डावी बाजू उजवीवर आली पाहिजे याची मात्र काळजी घ्यावी. उलट नेसवतात ते मृताला.

देवदर्शनाचीही सोय आहे. दोचि शोनिन या साधूने हजार दिवस प्रार्थना केल्यावर ७२० साली इथे गरम पाणी उसळले अशी कथा असून, डोंगरावरचे ओनसेनजी हे मंदिर त्याच्याशी जोडलेले आहे. पूर्वी यात्रेकरू आधी तिथे दर्शन घेत, स्नानाची रीत शिकत, पळी घेत आणि मगच कुंडाकडे वळत. आता रोपवे मधल्या थांब्यावर मंदिराशी उतरवतो, तेव्हा गुडघ्यांची अडचण बरीच कमी होते. योगायोग असा की हे मंदिर कोयासानच्याच शिंगोन पंथाचे आहे.

दोन रात्री नकोत असे माझे मत. दुसऱ्या दिवशी दहा ते तीन खोलीत राहता आले तरी गाव लहान आहे आणि एकाच धाटणीचे जेवण सलग दोनदा घेणे जड जाते. तरीही राहिलातच तर नदीपलीकडचे गेनबुदो पाहावे. तिथले बेसाल्टचे षट्कोनी खांब अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीची आठवण देतात. मोठ्या बॅगा क्योतोहून थेट पुढच्या हॉटेलकडे कुरिअरने पाठवाव्यात आणि एका रात्रीपुरती हातपिशवी घ्यावी. ताटामीवर चाकांची बॅग फिरवू नये, आणि चित्र व फुले मांडलेल्या कोनाड्यात, तो रिकामा दिसला तरी, सामान ठेवू नये.

प्रवासाची_तयारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी चर्चा झाली. विमानाच्या तारखा हलत नाहीत, म्हणून खेकड्याच्या मोसमातच जावे लागेल. शनिवार टाळून मंगळवारची एकच रात्र घेत आहोत आणि न्याहारीसह खोली विचारली आहे. पलंग, तळमजला आणि कुटुंबापुरते स्नानगृह या तिन्हींना होकार देणारा एक निवास मिळाला. कोयासानची कल्पना सासूबाईंना इतकी आवडली की ओसाकातली एक रात्र कमी करून तिथे मुक्काम करायचे ठरले आहे. ‘निदान एका ठिकाणी तरी पानात काय आहे ते विचारावे लागणार नाही,’ असे त्या म्हणाल्या. सासऱ्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. एक शंका उरली आहे: दाशिविषयीची सूचना न्याहारीपुरतीसुद्धा द्यावी लागेल का, आणि जपानीत ती कशी सांगावी?

उत्तर – कांदालसूणविरहित

न्याहारीपुरती तर आवर्जून द्यावी, कारण मिसोचे सूप आणि गुंडाळलेले ऑम्लेट सकाळीच येते आणि दोन्हींत दाशि असते. लिहिताना असे लिहावे: ‘निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशि मो ताबेरारेमासेन. कोम्बु-दाशि वा दाइज्योबु देसु.’ म्हणजे मांस, मासे, अंडी खात नाही, कात्सुओचा दाशिही चालत नाही, कोम्बुचा चालतो. आरक्षणाच्या पत्रात हे लिहावेच, आणि पोहोचल्यावर युकाता निवडण्याआधी तेच वाक्य छापलेला कागद यजमानीणबाईंच्या हाती द्यावा. न्याहारीची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते.